तळहातावरचं दही

गॅरेजवाल्याने माझ्या गाडीचं दार लावलं आणि तो ओळखीचा, मऊ, दबका आवाज आला. याच आवाजावर भाळून मी ही जुनी परदेशी गाडी माझ्या मित्राकडून, विनायककडून घेतली होती. "आणखी दहा वर्षं बघायला नको," असं तो म्हणाला होता.

"गिअरबॉक्स गेलाय साहेब. पार्ट बाहेरून मागवावा लागेल. एवढ्या खर्चात नवी छोटी गाडी येईल." मग हात पुसत गॅरेजवाला म्हणाला, "हा आधीही एकदा खोललेला आहे. तेव्हाच सांगितलं असणार आधीच्या मालकांना."

मी गाडीकडे बघत राहिलो. रंग चकचकीत, सीटच्या चामड्याला तोच श्रीमंत वास. स्वस्त गाडीचं दार खणकन वाजून आपली लायकी सांगून टाकतं. हिचं दार शेवटपर्यंत काही बोललं नाही. विनायकही गाडी दिली त्या दिवशी असाच मऊ हसत होता, आणि ते हसू मला मनमोकळं वाटलं होतं.

हसली नव्हती ती त्याची बायको. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात ती वाटी घेऊन धावत आली आणि खिडकीतून माझ्या तळहातावर दही-साखर ठेवून म्हणाली, "भावजी, सांभाळून." केवढी माया, असं वाटून मी ते चाटून खाल्लं.

गाडी घेणाऱ्याकडे लोक पेढे मागतात. हातावर दही ठेवतात ते परीक्षेला निघालेल्या माणसाच्या.