आईनं निसनी सोडली तो दिवस

जेठ लागला की आमच्या गावात घरोघरी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचं काम निघे. मूल शहराच्या बाजूचं आमचं धानाचं गाव, आणि मी सांगते ती गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या दोन-चार वर्षांतली. फुटके कवेलू काढायचे, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचे. छप्पर उघडं पडलं की चुलीपाशी ऊन सांडे आणि आपलंच घर दुसऱ्या कोणाचं वाटे. त्या उन्हासाठी अजून जीव तुटतो माझा. आता स्लॅबखाली राहते. स्लॅब काय फेरणार, कपाळ!

वडील निसनीवर, म्हणजे बांबूच्या शिडीवर, आणि आई खाली. दोन्ही हातांनी निसनी धरून, बुडाशी पाय रोवून ती उभी राही, आणि तोंडाचा पट्टा चालू. "सांभाळून जी! तिकडं काऊन वाकता?" की वडील मुद्दाम जास्तच वाकत. भारी खोडकर माणूस!

त्या सकाळी मोठेबाबा आले. वडलांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे भासरे. भासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं, ही रीत. म्हणूनच वडीलधारी माणसं दारातून खाकरत येत. मोठेबाबा त्या दिवशी खाकरलेच नाहीत. आई दचकली, तिचे दोन्ही हात पदराकडे गेले आणि ती सरकली. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं. निसनी घसरली आणि वडील पाठीवर पडले.

"उठवा त्याले! चालवून पाहा, म्हंजे हाड मोडलं का समजते," मोठेबाबा ओरडले. कोणी पडलं की आमच्याकडे हेच पहिलं. शेजारच्या दोघांनी वडलांच्या काखेत हातही घातले.

"हात लावू नका!"

आई ओरडली होती. भासऱ्यासमोर तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पदर खांद्यावर पडलेला, त्याची शुद्ध नाही. तिचा भाऊ जंगलात झाडावरून पडला होता. लोकांनी त्याला असंच उचलून बसवलं आणि त्याचे पाय कायमचे गेले.

"पाय समजून नाई राह्यले मले," वडील हळूच म्हणाले. मी रडायलाच लागले.

आईनं निसनी त्यांच्या शेजारी आडवी टाकली, वर गोधडी अंथरली. चौघांना म्हणाली, मान-पाठ वाकू देऊ नका, एकदमच सरकवा. मग जुनं लुगडं फाडून त्यांना कपाळापासून पायापर्यंत निसनीला बांधलं.

"अवं, जित्या माणसाची तिरडी बांधून राह्यली का तू?" मोठेबाबा म्हणाले.

"बांधून राह्यली. तुमी गाडी जुंपा, भाऊजी."

त्यांनी लगेच जुंपली. गाडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाड अंथरली आणि मूलपर्यंत बैल पावलापावलानं हाकले. आई दोन्ही गुडघ्यांत वडलांचं डोकं धरून बसली होती. वाटेत तिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही. मी समोर बसून नुसती वडलांच्या पायांकडे बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी किल्लीच्या टोकानं तळव्यावर रेघ ओढली. अंगठा हलला! पुन्हा ओढली, पुन्हा हलला.

"मणक्याला मार आहे, पण पाय राहतील," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने फळीवर सपाट झोपायचं. उठवून चालवलं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं. बांधलं कोणी यांना?"

तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडली. "मीच पाडलं जी त्याइले. मीच सोडली निसनी."

भादव्यात वडील काठी टेकत शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेले, पण ते नंतरचं. त्या दिवशी मोठेबाबा, जे त्या सकाळपर्यंत आईशी कधी समोरासमोर बोलले नव्हते, डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिच्यापुढं उभे राहिले.

"तू नाई पाडलं, बाई. मी खाकरलो नाई. याच्यापुढं मी येवो का देव येवो, पदर पडला तं पडू दे. निसनी सोडू नोको."