दिवस कलल्यावरचं सनस्क्रीन

आमच्या आत्याइतकी फवारणीतली जाणकार अख्ख्या अंबड तालुक्यात सापडायची नाही, आणि हे मी भाची म्हणून फुगवून सांगत नाहीये. सांगत असेन तर थोडंसंच! मोसंबीचं पान लांबून बघूनच ती रोग ओळखते आणि औषधाच्या दुकानदारालाच चार गोष्टी सुनावते. फवारणी भर उन्हात कधीच नाही, हा तिचा कायदा. एकदा दुपारी पंप पाठीला लावलेल्या गड्याला तिने बांधावरून असा आवाज दिला, की शेजारच्या रानातल्या माणसानेही आपला पंप उतरवून ठेवला.

पण ही वाघीण स्वतःच्या गालांपुढे हरली होती. लेक पोटात होती तेव्हापासून दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग. कॅमेरा निघाला की आत्या स्वयंपाकघरात पसार! आता त्याच लेकीचं लग्न चार महिन्यांवर आलं. "पोरीजवळ उभं राहून एक तरी फोटो बराबर निघाला पाह्यजे," ती म्हणाली, आणि मी तिला जालन्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सनस्क्रीन दिलं.

काय तो उत्साह! कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या, कुठे म्हणून जागा सुटायची नाही. आतोबांनाही पकडून फासायची. "बाजूच्या झाडाला मारलं न्हाई तं रोग परत येतोय," हे वर! दीड महिन्याने मी गेले, तर डाग पहिल्यापेक्षा गडद.

"आत्या, रोज लावतेस ना?"

"लावून राह्यले की! दिवस कलला की लगेच. उन्हात कोणी औषध मारतंय का? पान करपतंय!"

मी कपाळाला हात लावला. हे औषध उन्हालाच अडवायला असतं, उन्हात जायच्या आधी लावायचं आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा, हे तिच्या गळी उतरवायला सगळी दुपार गेली. "मंग हे आधी सांगायचं न्हाई का!" असं मलाच ओरडून तिने तिथल्या तिथे ट्यूब उघडली. पुढे फोनमध्ये गजर लागले, डोक्यावर टोपी आली, आणि गजर वाजला की भर बागेत कामं थांबवून बायकांच्या घोळक्यात आत्याचं लेपन सुरू!

लग्नापर्यंत डाग फिके झाले, गेले नाहीत. तरी ती लेकीला बिलगून सरळ कॅमेऱ्यात बघत उभी राहिली. संध्याकाळी पाठवणी झाल्यावर मी तो फोटो तिला दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला आणि स्वतःचे गाल निरखून पाहिले.

"एवढेच होते व्हय गं डाग?" ती हळूच म्हणाली. "पोरीच्या लहानपणच्या एका बी फोटोत मी न्हाई."

मी तिच्याजवळ सरकून बसले.