तोलून घेतलेला कॉम्प्युटर

बाजारात सगळे त्याला काटेवाला म्हणत. दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, वडिलांचाही हाच. वय चोपन्न. डावीकडच्या खालच्या दोन दाढा गेलेल्या, त्यामुळे सगळं जेवण उजव्या बाजूने. आणि हातात काहीही आलं की ते नकळत दोनदा वरखाली करून तोलायची सवय.

"मुलगी झाली ना," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "तेव्हा नर्सने सांगितलेलं वजन यांना पटेना. आधी दवाखान्याचा काटा उघडून दुरुस्त केला, मग पोरीचं तोंड बघितलं."

"चुकीचंच होतं की वजन," तो म्हणायचा.

त्याची थोरली बहीण दूरच्या शहरात राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा नोकरीसाठी त्याहून लांब. या भावाबहिणींत भांडण नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. नुसतं बोलणं आटत आटत गेलं होतं.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मीही बरा."

"ठेवू मग?"

"ठेव."

एवढ्यावर महिना निभायचा.

आणि एका सकाळी, तो एका वाण्याचा काटा उघडून बसलेला असताना, तिचा आपणहून फोन आला.

"ठोंब्या, ती गाडीची मशीन आठवते का रे तुला?"

ठोंब्या! ही हाक ऐकून किती वर्षं झाली होती. त्याने हातातला स्क्रू खाली ठेवला.

ती मशीन न आठवायला काय झालं? सायकलच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. दिवसासुद्धा अंधारी, आत शिरलं की गरम झालेल्या तारांचा वास यायचा. तिथे भिंतीला लागून खेळाच्या चार मशिनी उभ्या होत्या आणि कोपऱ्यात पाचवी, गाडीची. तिला खरं स्टिअरिंग, खाली दोन पेडल, समोर काच आणि एकच सीट. नाणं टाकलं की तीन मिनिटं गाडी पळायची. नाणं मिळवायचा मार्गही एकच. वडिलांच्या दुकानातली पितळी वजनं चिंचोक्याएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत, चेहरा दिसेपर्यंत घासून द्यायची. पूर्ण संच चकचकीत झाला की वडील एक वजन उचलून तळहातावर खेळवत, आणि दुसऱ्या हाताने नाणं पुढे करत. एक नाणं, दोन पोरं. म्हणून दोघं त्या एका सीटवर अर्धी अर्धी बसत. ती थोरली, तेव्हा स्टिअरिंग तिचं. त्याच्याकडे पेडल.

"ब्रेक! अरे ब्रेक मार!"

"आधी सांगायचं ना!"

"वळण दिसत नाही तुला? डोळे आहेत का बटणं?"

आणि घरी परतताना अख्खा रस्ता, गाडी कुणामुळे आपटली यावर वाद. तो वाद दुसऱ्या दिवशी वजनं घासतानाही पुढे चालू असायचा.

"तसाच गेम आहे इथे," बहीण फोनवर सांगत होती. "मुलगा त्याचा तो मोठा कॉम्प्युटर ठेवून गेलाय. समुद्राकाठचा रस्ता आहे, डोंगर आहेत, अरे उन्हाच्या तिरिपी पडतात झाडांतून! दोघं आपापल्या घरी बसून एकत्र खेळू शकतात. बोलताही येतं खेळता खेळता."

"मग खेळ की."

"कुणाशी? अनोळखी पोरं येतात आणि मला धडक देऊन पळतात. विकून टाकतेय मी. एक गिऱ्हाईक ठरलंय, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी येणार आहे न्यायला."

फोन ठेवल्यावर त्याने बघितलं. तेवीस मिनिटं. घरी जाऊन त्याने तो आकडा बायकोला दाखवला, पोरीचा निकाल दाखवावा तसा.

"हो का? काय बोललात एवढं?"

"ब्रेकबद्दल."

मग त्याने गेमचं, कॉम्प्युटरचं, गिऱ्हाइकाचं सगळं सांगितलं. बायकोने कपाटातून दाढांच्या पैशांचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. दात बसवायला दीड वर्ष साठवत होते दोघं.

"अगं पण..."

"एका बाजूने जेवता येतं. एका बाजूने बोलता येत नाही." आणि लगेच, डोळे पुसायला फुरसत न देता, "जिंकून या मात्र. हरलात तर दोन्ही बाजूंचे दात जातील."

चौकापलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक तरुण बाई होती. मान मोडेपर्यंत टेबलावर वाकलेली, कपाळावर छोटा दिवा बांधलेला. त्याने डबा तिच्यासमोर ठेवला आणि गेमचं नाव सांगितलं. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काका, एवढ्यात नवा नाही होणार. जुने भाग जोडून देते. कॅबिनेट, मॉनिटर वापरलेले चालतील. खरा खर्च ग्राफिक्स कार्डाचा. पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं हेच रंगवतं. लहान कार्ड घेतलं तर देखावा कमी दिसेल, मोठं घेतलं तर..."

"समुद्र दिसेल?"

"लाटांसकट."

"मोठं द्या."

"मग पॉवर सप्लायला पैसे उरत नाहीत. तो आत वीज पुरवतो. तिथे काटकसर करू नका, काका. तो चांगला हवा, माझ्याकडूनच घ्या."

पण बहिणीला दिसतं ते सगळं त्याला बघायचं होतं. तिने 'तो बघ सूर्य' म्हणावं आणि आपण नुसतं 'हं हं' करावं, असलं अर्धवट त्याला नको होतं. त्याने मोठं कार्ड घेतलं आणि पॉवर सप्लायसाठी जुन्या सामानाचा बाजार गाठला.

फुटपाथवर चादर अंथरून एकाने पॉवर सप्लायचे तीन डबे मांडले होते. तिन्ही सारखेच दिसत होते. काटेवाल्याने खिशातून स्प्रिंगचा छोटा काटा काढला आणि पहिला डबा आकड्याला लटकवला.

"ओ काका! बटाटे आहेत का ते?"

"बटाटे असते तर नुसत्या हाताने सांगितलं असतं."

त्याचे वडील म्हणायचे, बघत काय बसलायस, तोलून बघ. ज्यात माल जास्त, ते जड. आत तांबं असेल, लोखंडाचा गाभा असेल तर वजन लागणारच. हलकी वस्तू म्हणजे कुणीतरी हात आखडता घेतलेला. तिसरा डबा पहिल्या दोघांच्या जवळजवळ दुप्पट भरला. विक्रेत्याने किंमत सांगितली, त्याने निम्मी सांगितली, आणि विक्रेता चटकन तयार झाला. इतक्या चटकन की एखाद्याला शंका आली असती. काटेवाला मात्र शीळ घालत घरी आला.

शनिवारी दुपारी दुरुस्तीवालीने कॉम्प्युटर जोडून दिला. हा सप्लाय पाहून ती कुरकुरली. पण त्याने 'अहो, तोलून घेतलाय' असं छातीठोक सांगितल्यावर गप्प बसली. घरी पडद्यावर रस्ता उघडला आणि बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"अगंबाई! खरा समुद्र!"

लाटा होत्या. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत होत्या. त्याने पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्याला मशीनमधून फट् असा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा झाला.

बायकोने प्लग खेचला. तो तसाच बसून राहिला, कळफलकावर दोन्ही हात ठेवून. उद्या चार वाजता गेममध्ये भेटायचं बहिणीशी ठरलं होतं, आणि तिचं गिऱ्हाईक सहाला.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो मशीन कवेत घेऊन पायरीवर उभा होता. दुरुस्तीवालीने मशीन टेबलावर घेतली. पॉवर सप्लाय बाहेर काढला, चार स्क्रू सोडवले, झाकण उचललं. आत किरकोळ तारा, तारेच्या सुपारीएवढ्या दोन गुंडाळ्या आणि बुडाला चिकटवलेली लोखंडाची जाडजूड पट्टी. कशालाच न जोडलेली. नुसती वजनाला.

मग त्याने ती ओरबाडून काढली, तळहातावर घेतली आणि दोनदा वरखाली केली.

"पाऊण किलो," तो म्हणाला.

"काका, मी हसू?"

"हस, बाळ. मी जरा नंतर हसतो."

चाळीस वर्षं तो पारड्यांच्या बुडाला चिकटवलेलं शिसं नखाने शोधून काढत आला होता. आठवीत असताना पहिल्यांदा सापडलं तेव्हा वडिलांनी भर बाजारात पाठ थोपटली होती, आणि बहिणीने दोन दिवस त्याला 'इन्स्पेक्टर साहेब' म्हणून सलाम ठोकले होते. वडील आज असते तर? महिनाभर जेवताना विषय निघाला असता. 'या, साहेब. भाजी तोलून वाढू का?' त्याला वडिलांचा तो दाबलेला हसण्याचा आवाज इतका स्पष्ट आठवला की, बाकी काही नाही, पण डोळे भरून आले.

दुरुस्तीवालीने कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघितलं.

"वाचलंय. नशीब."

"पण नवा सप्लाय... माझ्याकडे आता काही नाही."

तिने कपाळावरचा दिवा विझवला. "हे कार्ड मी परत घेते. लहान देते. फरकात धड सप्लाय बसेल. गेम चालेल, अडखळणार नाही. पण लाटा, सावल्या, पानं, सगळं बंद ठेवावं लागेल."

"मग दिसेल काय?"

"रस्ता. आणि पुढची गाडी."

"पुढची गाडी दिसेल? नक्की?"

"स्वच्छ."

"मग लावा."

चारला पाच मिनिटं कमी असताना त्याने हेडफोन कानावर चढवला. एक लाल गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली.

"आलास एकदाचा?"

"आलो."

"लाव गिअर. आणि मागून धडकलास तर याद राख."

पहिल्याच वळणाला तो धडकला. मग तिने त्याची अक्कल काढली, त्याने तिचं वळण काढलं, आणि दहा मिनिटं दोघं असे कचाकचा भांडले की बायको दारात येऊन बघून गेली.

"आता बघ हं," बहीण म्हणाली, "डावीकडे. आला समुद्र. बघितलास?"

'वा' एवढंच म्हणायचं होतं. तोंडात तयारही होतं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे रस्त्यापलीकडे सगळं राखाडी आहे, ताई." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. डबा, दाढा, स्प्रिंगचा काटा, लोखंडाची पट्टी.

पलीकडे ती हसायला लागली. हसता हसता खोकली, पाणी प्यायली, पुन्हा हसली. "पाऊण किलो! अरे देवा! दाढा गेल्या आणि पट्टी आली!" तोही हसत होता, पोट धरून. सकाळी राहून गेलेलं सगळं आत्ता आलं.

"थांब," ती म्हणाली. "गाडी कडेला घे. माझ्या मागे लाव."

त्याने लावली. राखाडी पडद्यावर दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या.

"ऐक. समुद्र हिरवट आहे. काठाला खडक आहेत, काळे. एक होडी बांधलीय."

"होडीत कोण?"

"कुणी नाही. हलतेय नुसती." मग म्हणाली, "मी जेवायला बसले की टीव्ही लावते रे. बघत नाही. घरात आवाज असावा म्हणून."

तो म्हणाला, "फोन का नाही करायचीस?"

"करायचे की. तू म्हणायचास, ठेवू मग?"

"मी? ते तू म्हणायचीस!"

"खोटारडा."

"तूच!"

असंच बोलता भांडता सहा वाजले, आणि हेडफोनमध्ये तिच्याकडची दारावरची बेल वाजली. खुर्ची सरकल्याचा, पावलांचा, दाराचा आवाज. पुरुषाचा आवाज आला, काय म्हणाला ते कळलं नाही. बहिणीचं मात्र ऐकू आलं. "हो, मी सांगितलं होतं खरं. आता नाही विकायचा. माफ करा हं, उगाच खेप पडली."

पावलं परत आली. खुर्ची पुन्हा सरकली.

"कोण होतं?" त्याने माहीत असून विचारलं.

"कुणी नाही. चल. पुढे मोठा पूल लागतो."

"पूल रस्त्यातच असणार ना? मग तो मलाही दिसेल."

"दिसेल," ती म्हणाली. लाल गाडी हलली. "खालचं पाणी मी सांगते."