चोगलेचा रुमाल

दत्ताराम चोगले कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फडक्यापायी कोण नोकरी पणाला लावतो! अहो, त्यानं लावली. मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचो, मला नाही तर कुणाला माहीत असणार?

तेव्हा सौदीतलं जुबैल नुकतं उभं राहत होतं. बघावं तिकडे क्रेन, पाइप आणि धूळ. आम्ही कोकणातली बरीच मंडळी एकाच कॅम्पात होतो. दत्ताराम हर्णैच्या कोळीवाड्यातला, वेल्डर. दिवसभर अंगात जाड बॉयलर सूट, डोक्यावर ते ऊन आणि समोर वेल्डिंगची धग. संध्याकाळी बसमधून उतरायचो तेव्हा मांड्या घामोळ्यांनी सोलवटलेल्या असायच्या. आंघोळ झाली की आम्ही लुंग्या गुंडाळायचो आणि दत्ताराम आपला रुमाल नेसायचा. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे हो, कोळ्याचा रुमाल! चौकड्यांचं मोठं कापड तिकोनी दुमडून कमरेला बांधायचं, गुडघे मोकळे, आत लंगोट. त्याचा बाप जन्मभर त्यातच होडीवर गेला. सुट्टीवरून निघताना बायको, भीमाबाई, दर वेळी नवा रुमाल पेटीत घालायची.

आमचा कॅम्प बॉस गोपीनाथ सामंत. आपलाच माणूस, राजापूरकडचा, पण इथं येऊन कोट चढला आणि डोकं फिरलं. एके दिवशी त्यानं मेसच्या दारावर नोटीस लावली. लुंगी, रुमाल, टॉवेल बंद. फुल पँट नसेल तर जेवण नाही.

"गोऱ्या साहेबांसमोर लाज आणता तुम्ही लोक," सामंत म्हणाला.

बाकीचे आम्ही कुरकुरत पँटी चढवल्या. भूक लागली की शहाणपण सुचतं. दत्तारामला ते कधीच सुचलं नाही. तो खोलीत बसून खबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, आणि सुके बोंबील खायचा. मी म्हटलं, "मी ताट आणतो तुझं." तर माझ्यावरच खेकसला, "मी काय बाळंतीण आहे, खोलीत ताट आणायला? जेवेन तर मेसमध्ये जेवेन, आणि असाच जेवेन."

महिनाभर हेच चाललं. माणूस वाळत चालला, पण हेका सोडीना.

मग आले कंपनीचे खेळ. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, कॅम्पाच्या मैदानाभोवती धावण्याची शर्यत होती. आमच्या साइटवर स्कॉटलंडचे चार-पाच इंजिनियर होते, त्यांना म्हणे आपला घागरा घालूनच धावायचं होतं. पुरुषांचा घागरा, किल्ट म्हणतात त्याला. साहेबांची हौस! मग काय, सामंतनं लगेच नियम काढला: हाफ पँट चालेल, नाहीतर आपापल्या देशाचा पोशाख.

दत्तारामनं ते वाचलं, सरळ ऑफिसात गेला आणि नाव घालून आला. मागोमाग सामंत आमच्या खोलीत. तोंड लाल.

"चोगले, ते फडकं नेसून मैदानात आलास ना, तर पुढच्या विमानाचं तिकीट हातात देईन. खलास!"

"साहेबाचा घागरा देशाचा पोशाख, आणि माझा रुमाल फडकं?" दत्ताराम खाटेवरून हललासुद्धा नाही. "द्या तिकीट. धावून झाल्यावर द्या."

सामंत गेल्यावर खोलीत संसदच भरली. रुमाल नेसून धावायचं म्हणजे आत काय घालायचं? एक म्हणाला, चट्ट्यापट्ट्यांची नाडीवाली चड्डी घाल. दत्ताराम म्हणाला, ती मांडीत गोळा होते, दोन वळणांत कातडं निघेल. दुसरा म्हणाला, सेफ्टी पिन लाव. "आणि ती उघडली म्हणजे? शर्यत सोडून बोंबलत बसू?" मी म्हटलं, बाबा रे, सरळ हाफ पँट घाल, भीमाबाईला काय सांगशील नोकरी गेल्यावर? तर माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला सांगेन, रुमाल टिकला," तो म्हणाला. "लंगोट घट्ट असला की माणूस वादळात होडी नेतो. हे तर मैदान आहे."

शर्यतीच्या सकाळी वारा सुटला. आखातावरचा तो मेला वारा, रेती घेऊन येतो आणि कानात शिट्ट्या मारतो. सगळे साहेब खुर्च्यांवर. दत्ताराम रुमाल आणि बनियन घालून रेषेवर उभा. शेजारी कॅमेरन साहेब, लालबुंद, दांडगा, कमरेला हिरवा घागरा. त्यानं दत्तारामकडे बघितलं आणि हसत विचारलं, आत काय आहे? दत्तारामनं कमरेशी लंगोटाची पट्टी ओढून दाखवली. साहेबानं स्वतःच्या घागऱ्याकडे बोट केलं आणि हात झटकून दाखवले. आत काही नाही! त्यांच्यात म्हणे तीच मर्दानगी. दत्तारामनं आभाळाकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. कोळी होता ना, वारा ओळखायचा.

शिट्टी झाली. पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्या फेऱ्याला सगळे खुर्च्यांसमोरच्या वळणावर आले आणि वाऱ्याचा असा एक झोत आला की काय सांगू! साहेबाचा घागरा छत्रीसारखा उलटा झाला. अगाई गं! सगळं मैदान ओरडलं. साहेब जागच्या जागी थांबला, दोन्ही हातांनी घागरा दाबतोय, पुढून दाबला की मागून उडतोय. आणि आमचे सामंत? कोट काढून धावत सुटले की हो! साहेबाच्या मागे कोट धरून उभे राहिले, लग्नात अंतरपाट धरावा तसे. वर आम्हाला ओरडतात, "कुणी बघू नका!"

तोच वारा दत्तारामच्या रुमालालाही लागला. उडाला थोडा. आत लंगोट घट्ट. गडी थांबला नाही, वळून बघितलं नाही.

नंबर म्हणाल तर चौथा आला. पहिला एक पठाण आला, त्याच्या पायांना कोण पुरणार?

शर्यत संपली आणि आम्ही जेवणासाठी पँटी चढवायला निघालो. दत्ताराम निघाला तो तडक मेसकडे. आम्ही त्याच्या मागे. दारात सामंत, बिनकोटाचे, घामाघूम.

"शर्यत संपली चोगले. पँट घालून ये. नाहीतर तिकीट तयार आहे."

"साहेब," दत्ताराम म्हणाला, आणि इतका हळू बोलला की मागचेसुद्धा गप्प झाले, "आज मैदानात उघडं कोण पडलं ते सगळ्यांनी बघितलं. झाकायला तुम्हीच धावलात. मला झाकायला कुणाला यावं लागलं नाही. माझी लाज मी नीट बांधून येतो, रोज. तिकीट द्यायचं असेल तर खिशात ठेवा, जेवण झाल्यावर घेतो. आता वाट सोडा. महिनाभराची भूक आहे."

दत्ताराम सामंतच्या बगलेवरून आत गेला आणि ताट घेऊन उभा राहिला. वाढायला हैदराबादचा हुसेनमियाँ होता. त्याचा भाताचा डाव हवेतच थांबला, नजर दाराकडे. त्यालाही नोकरी होतीच की.

दत्तारामनं ताट पुढे केलं.

"मियाँ, उधर क्या देखते हो? भूका मैं हूँ, इधर देखो."

हुसेनमियाँनं इकडे बघितलं. आणि भात वाढला, डोंगरासारखा.