खिडकीतून टाकलेली पिशवी

ओतूरच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत माझी मैत्रीण खिडकीतून पिशवी टाकून आम्हा दोघींची जागा धरायची. आम्ही अकरावीला होतो. तिचा नेम कधी चुकला नाही. कुणी बसलंच तर म्हणायची, "भाऊ, उठा की, पिशवी दिसत न्हाई व्हय?"

मुंबईत बॉम्ब फुटले त्या आठवड्यात सीटवरची पिशवी बघून कुणीतरी ओरडलं, "त्या मुसलमानाच्या पोरीची हाय!" रोजचीच माणसं, पण सगळी खाली उतरली. तिनं पिशवीतून डबा काढून कंडक्टरला उघडून दाखवला.

दुसऱ्या दिवशी गाडी येताच तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि खिडकीतून आत टाकली.

"तुझ्या पिशवीला कुणी भीत न्हाई."

खरंच, कुणी वळूनही पाहिलं नाही.