शकुनबाईसाठी इंग्रजी शब्द

सरकारी ऑफिसातून फायली कधीतरी बाहेर जातात, किस्से मात्र साचतच राहतात! अहेरीकडच्या आमच्या फॉरेस्ट ऑफिसातले निम्मे किस्से एकट्या शकुनबाईचे. रोजंदारीवरची मजूर. उन्हाळ्यात आजूबाजूचं जंगल पेटतं, हिच्या हद्दीत ठिणगी नाही. तिला कायम करायची शिफारस वर जायची होती. वरचे साहेब मराठी न वाचणारे. इंग्रजीत लिहायचं काम आलं माझ्या गळ्यात. घ्या!

*

मी लिहिलं, 'हार्डवर्किंग'. आमच्या रेंजर साहेबांनी खोडलं.

"अरे, हे तर मी मागच्या वर्षी तुझ्यासाठी लिहिलं होतं!"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, करतो काय!

*

मग 'वर्कहॉर्स'. ड्रायव्हर सलीमभाई भडकले.

"अबे, बाईमाणसाले घोडा म्हणून राह्यला? तिनं अर्थ इचारला तर तूच सांगजो!"

तिच्या जिभेची धास्ती मलाही होती. शब्द गेला.

*

'वर्कहॉलिक', म्हणजे कामाचं व्यसन असलेली. रेंजर साहेबांनी हात जोडले.

"आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे बाबा. व्यसनाचा शब्द वर पाठवू नको!"

*

शेवटी 'टायरलेस' सापडला. खुशीत शकुनबाईलाच सांगितलं, न थकणारी.

"काऊन? मी थकत नाई का? कंबर मोडते माही! थकतो, तरी करतो, असं लिहा."

आता असा शब्द इंग्रजीत कुठून आणू?

*

तेवढ्यात वरचे साहेबच पाहणीला आले. मोहफुलांचे दिवस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाचोळा पेटवतात, तिथूनच वणवा लागतो. शकुनबाई आधीच जाऊन सगळ्यांच्या मोहाखाली झाडून ठेवते. मग कोण कशाला पेटवेल?

आम्ही पोचलो तेव्हा ती झाडतच होती. मी पुढे झालो. "सर, शी इज..." आणि अडकलो. हिची नोकरी माझ्या जिभेवर लटकलेली.

शकुनबाईनं साहेबांच्या हातात खराटा दिला. "बोलत नोका बसू. लोकं येचाले येऊन राह्यले. ते झाड तुमी घ्या."

भाषा कळली नाही, पण दाखवलेलं झाड कळलं. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि झाडायला लागले. रेंजर साहेब पांढरेफटक! अर्ध्यातच साहेबांचा शर्ट ओला झाला.

खराटा परत देताना ते ताठ उभे राहिले. "थँक यू, मॅडम!" म्हणाले आणि कडक सॅल्यूट ठोकला.

फाईल तिथंच मागवली. जीपच्या बॉनेटवर सही झाली. शकुनबाई कायम! सलीमभाई तर नाचायचेच बाकी होते.

शकुनबाईनं साहेबांच्या झाडाखाली नजर टाकली आणि बोट दाखवलं.

"सही झाली असन तर ते बाजू राह्यली, साहेब!"

साहेबांनी पुन्हा खराटा घेतला.