पळसाच्या रंगाची बन्यान

दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, जत्राच म्हणा, अन् मंडईले हुतूतू असतेच. आमच्या आखाड्याचा संघ त्या वर्षी पह्यल्यांदा बाहेरगावी खेळाले निंगाला. सगळ्यायच्या बन्याना मीच रंगवल्या. होळीले सुकवून ठेवलेली पळसाची फुलं उकळली, तुरटी टाकली, अन् आंगणात दोरीवर बन्याना वाळू घातल्या तं पोट्टे हासाले लागले, वहिनी, आमची वरात काढता का म्हणे. माहा लेक तवा रांगत होता. घरधनी संघात सगळ्यायच्या पुढं. त्यायचा दम असा का समोरचे पकडता पकडता थकून जात.

दुसऱ्याच गावी समोरचे सारे त्यायच्या आंगावर पडले. बाकी उठले, हे उठलेच नाई. बैलबंडीत धानाचं तणीस टाकून आणलं तं मले वाटलं जीवच गेला, मी लेकराले घेऊन बंडीमांगं पळतच सुटली. मंग चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे जीव वाचला बाई, पायाचं काही सांगता येत नाई.

वस्तादानं सगळ्यायले बजावलं, याची जागा कोणी घ्याची नाई. एक गडी कमी घेऊन पोट्टे खेळत, हारत, अन् गावात आले का पह्यले आमच्याच घरी येत. हे बाजेवरूनच इचारत, कोण कुठी सापडला, कोणाचा दम तुटला. ते गेले का चादर बाजूले करत अन् आपल्या पायाच्या आंगठ्याकडे पाहत राहत. कपाळाले घाम सुटे. मीही पाहो. कधी वाटे का हालला. पण बोलत नव्हती, भेव लागे, बोलली अन् खोटं निंगालं तं?

मंग आमच्या गावची मंडई आली. सकाळीच वस्ताद एकटा आला, उंबऱ्यावर बसला. धानाचं बोलला, लेकराच्या दाताचं बोलला. मंग खाली पाहून म्हणे, "बाई, घरच्या मैदानावर हारलो तं पोट्टे खेळणंच सोडतीन. आज एक गडी घ्या लागते. बन्यान दे."

मी म्हटलं धुवाले टाकली. पेटीत घडी करून होती. मंग मी हातच जोडले, म्हटलं भाऊ, हे उठतीन, थोडं थांबा.

बाजेवरून आवाज आला, "देऊन टाक." मंग म्हणे, "अन् तू जा पाहाले. मले येऊन सांग."

गेली. बाकीच्यायच्या बन्याना घामानं, धुण्यानं पार फिक्या झाल्या होत्या. यायची एकच जशीच्या तशी, झाडावरच्या फुलावाणी. नवा पोट्टा दम धरून पुढं गेला, अन् कडेवरच्या माह्या लेकानं त्या रंगाकडे दोन्ही हात करून सारं आंग झोकून देलं. मले त्याले आवरता येईना. त्याचं तोंड पदरात घेतलं अन् तशीच उभी राह्यली.

जिंकलो आम्ही. घरी आली तं यायनं गलका आयकलाच होता.

"कसा खेळला?"

"चांगला खेळला."

मंग म्हणे पायावर चादर टाकून दे, थंडी वाजून राह्यली. मी टाकली.

तवापासून ते चादर बाजूले करत नाई. ते झोपले का मीच हळूच उचलून पाह्यते.